रानात अडकल्यावर फास लावून पोट भरतं का?

वासोट्याहून नागेश्वरकडे जाताना कारवीच्या रानात वाट चुकली, किंवा जोर-जांभळीच्या खोऱ्यात धुकं उतरलं आणि पायवाट दिसेनाशी झाली, तर खाण्याचं काय करायचं? डोंगर फिरणाऱ्या बऱ्याच तरुण पोरांना या प्रश्नाचं उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं वाटतं, कारण ते व्हिडिओत पाहिलेलं असतं. बुटाची नाडी सोडायची, फांदी वाकवायची, फास लावायचा आणि सकाळी ससा भाजायचा. सह्याद्रीत हे उत्तर चालत नाही. ते का चालत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. त्यातूनच फासाची रचना कळते, भुकेचा हिशोब कळतो आणि उसाच्या बांधावर खरोखरचा फास दिसला तर काय करायचं तेही कळतं.

आधी भुकेचा हिशोब मांडू. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते. तेवढ्यावर शरीर एक दिवस काढतं. मग चरबी वापरायला सुरुवात होते. ७० किलो वजनाच्या माणसाच्या अंगावर १० किलो चरबी असेल तर त्यात ७० हजारांहून जास्त कॅलरी असतात (बिस्किटाच्या पुड्यावर छापतात त्याच कॅलरी). नुसतं बसून राहिलं तर दिवसाला १,६०० ते १,८०० लागतात, डोंगर चढ-उतार करत राहिलं तर ३,००० च्या पुढे जातात. म्हणजे धडधाकट माणूस अन्नावाचून काही आठवडे तग धरतो. भूक सर्वांत जास्त छळते ती पहिल्या दोन दिवसांत, आणि नेमक्या त्याच दोन दिवसांत माणूस चुकीचे निर्णय घेतो. पाण्याचं मात्र तसं नाही. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस पाणी मिळालं नाही तर संपलंच. पावसाळ्यात तर त्याहूनही आधी घात करते ती थंडी. भिजलेले कपडे, घाटमाथ्यावरचा वारा आणि रात्र एकत्र आली की शरीराचं तापमान काही तासांत धोक्याच्या पातळीखाली जातं. म्हणून क्रम लक्षात ठेवायचा: कोरडं राहणं, पाणी, हाक पोचवणं. जेवण त्याच्या बरंच मागे येतं.

आता सशाचा भाव काढू. आपल्याकडचा रानससा साधारण २ ते ३ किलोचा असतो. कातडं, हाडं, आतडी काढली की निम्मं वजन उरतं, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास मांस. १०० ग्रॅमला ११४ कॅलरी धरल्या तर सगळा ससा मिळून सुमारे १,४०० कॅलरी. एका माणसाचं एका दिवसाचंही भागत नाही. उलट पाव किलो शेंगदाणे आणि पाव किलो गूळ यांची पुडी घ्या. शेंगदाण्याच्या सुमारे १,४०० आणि गुळाच्या ९५० मिळून २,३५० कॅलरी होतात. कराड-सांगलीच्या बाजारात सहज मिळणारी ही अर्ध्या किलोची पुडी दीड सशापेक्षा जास्त भरते, रात्रभर जागावं लागत नाही आणि ती पळूनही जात नाही.

दुसरी गोष्ट, सशाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, शंभराला दोन-तीन ग्रॅम. नुसती प्रथिनं पचवायला शरीराला ती यकृतात मोडून युरिया करावा लागतो आणि तो युरिया लघवीवाटे टाकायला भरपूर पाणी लागतं. यकृताची ताकदही मर्यादित असते. कित्येक दिवस फक्त सशासारखं चरबी नसलेलं मांस खाल्लं तर मळमळ, जुलाब, अशक्तपणा सुरू होतो आणि पोट भरलेलं असूनही भूक जात नाही. उत्तरेकडच्या थंड मुलुखातल्या फासे लावणाऱ्यांना हे जुनं ठाऊक आहे. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचं, की प्यायला पाणी कमी असेल तर मांस खाऊ नये. तहान वाढते.

फास म्हणजे काय, ते आता बघू. त्याचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे सरकगाठीचा फास, जो ओढला की आवळतो आणि सैल सोडला तरी सहज उघडत नाही. दुसरा खुंटा किंवा बुंधा, ज्याला तो बांधतात. तिसरा भाग असेलच असं नाही. तो म्हणजे वाकवलेली फांदी आणि तिला धरून ठेवणारा खटका. जनावरानं फास ओढला की खटका निसटतो, फांदी वर उसळते आणि फास झटक्यात आवळतो. फांदी नसेल तर जनावराचा स्वतःचा जोरच फास आवळतो. म्हणजे जनावर जेवढं धडपडतं तेवढं जास्त अडकतं. या यंत्रात हुशारी एवढीच आहे, आणि क्रूरपणाही त्यातच आहे.

कागदावर सोपं दिसणारं हे यंत्र रानात फसतं, त्याची पहिली आणि सर्वांत मोठी चूक जागेची. व्हिडिओतले बरेचसे फास युरोपातल्या सशांसाठी असतात. ते ससे जमिनीत बिळं करून, वसाहत करून राहतात. त्यांचं तोंड कुठून बाहेर येणार ते ठरलेलं असतं, तिथं फास लावला की काम होतं. आपला रानससा बीळ करतच नाही. तो गवतात किंवा झुडपाखाली अंगाएवढा खोलगट खळगा करून दिवसभर दबून बसतो, रात्री चरायला निघतो आणि उघड्या माळावर हवा तसा फिरतो. त्याची वाट ओळखायची तर लेंड्या, कुरतडलेलं गवत, कुंपणातली फट हे सगळं रोज बघणारी नजर हवी. ज्या माणसाला स्वतःची वाट सापडत नाहीये, त्याला सशाची सापडणार कशी? फासेपारधी समाजाच्या नावातच फास आहे. तितर-लाव्हे धरण्याची त्यांची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. पक्षी कुठल्या वेळी कुठल्या बांधाकडून उतरतो हे त्यांच्या जुन्या माणसांना पाठ असे, आणि तरीही एक फास लावून कुणी बसत नसे. फासांची माळच लावावी लागे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं अशा अनेक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, ते दुःख वेगळं. पण ज्ञान म्हणून बघितलं तर त्यातलं दोरीचं काम थोडं होतं, निरीक्षणाचं खूप.

दुसरी चूक सामानाची. बुटाची नाडी मऊ असते, फास गोल उभा राहत नाही, वाऱ्यानं वळतो. पावसात भिजली की गाठ घट्ट बसते आणि सरकत नाही. वाकवलेली ओली फांदी रात्रभर ताणात राहिली की तिचा ताण उतरतो, पहाटे ती झटक्यानं उसळत नाही, हळूच सरळ होते. वाळकी कारवी तर वाकवतानाच मोडते. खटक्याच्या खाचेचंही तसंच आहे. खोल केली तर लाकूड फुगून अडकते, उथळ केली तर वाऱ्यानं सुटते.

तिसरी अडचण हवामानाची. बर्फाळ प्रदेशात फासात मेलेलं जनावर सकाळपर्यंत गोठून टिकतं. कोयनेच्या खोऱ्यात ते काही तासांत फुगायला लागतं, आणि त्याच्या आधी मुंग्या, मुंगूस, कोल्हा नाहीतर बिबट्या येतो. बिबट्या येईल अशी वस्तू स्वतःच्या मुक्कामाजवळ टांगून ठेवणं यात शहाणपण नाही.

दगडाच्या चापाबद्दलही थोडक्यात सांगायला हवं, कारण तोही लोक करून बघतात. काड्यांच्या आधारावर तिरपा दगड ठेवायचा, काडीला आमिष लावायचं, उंदीर आला की दगड कोसळतो. ढोबळ नियम असा की दगड जनावराच्या किमान पाचपट वजनाचा हवा. पाव किलोच्या शेतातल्या उंदराला सव्वा किलो पुरेल, सशाला १२-१३ किलो लागेल. सड्यावरचा (डोंगरावरच्या उघड्या कातळपठारावरचा) जांभा खडबडीत आणि गोलसर असतो, सपाट बसत नाही. आणि चाप मांडताना तो सर्वांत आधी मांडणाऱ्याच्याच बोटांवर पडतो. चिरडलेलं बोट घेऊन रानात दोन दिवस काढणं उपाशी राहण्यापेक्षा कितीतरी वाईट. शिवाय चपटे दगड उचकटले की खाली फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं, विशेषतः माळावर आणि सड्यावर.

कायद्याचं आता स्पष्टच सांगतो. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ नुसार शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. फास लावणं, सापळा लावणं, आमिष टाकणं आणि यांतला कुठलाही प्रयत्न करणं हे सगळं शिकारच आहे. फास रिकामा राहिला तरी गुन्हा होतो. ससा, रानडुक्कर, भेकर, घोरपड, खवले मांजर ही सगळी संरक्षित जनावरं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी सद्‌हेतूनं जनावर मारलं तर कायद्यात सूट आहे. भुकेसाठी तशी सूट लिहिलेली नाही. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार केली तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं तुरुंगवास आहे. कोयना अभयारण्य १९८५ चं, चांदोली २००४ पासून राष्ट्रीय उद्यान, आणि दोन्ही मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोटा, प्राचीतगड, झोळंबी ही ट्रेकवाल्यांची आवडती ठिकाणं त्याच्याच पोटात येतात. तिथं मासा आणि खेकडासुद्धा काढता येत नाही.

मग अभयारण्याच्या बाहेर, गावच्या ओढ्यावर, पाण्यातल्या सापळ्याचं तत्त्व शिकायला हरकत नाही. आपल्या भागातलं खरं उपयोगी ज्ञान तेच आहे. ते नरसाळ्याचं तत्त्व. तोंड रुंद, आतली वाट अरुंद, आणि आत गेल्यावर पुन्हा रुंद जागा. मासा किंवा झिंगा भिंतीला लागून कडेकडेनं फिरतो. नरसाळ्याची उतरती भिंत त्याला आपोआप आत आणते, पण आत आल्यावर बाहेर पडायचं भोक मधोमध, भिंतीपासून दूर असतं. कडेनं फिरणाऱ्याला ते सापडत नाही. बांबूच्या कामट्यांचे जुने निमुळते सापळे याच तत्त्वावर विणलेले असतात. आतल्या कामट्यांची टोकं आतल्या बाजूला वळवलेली, येताना दबतात, जाताना टोचतात.

कोल्ड्रिंकच्या २ लिटरच्या बाटलीचा असा सापळा अर्ध्या तासात होतो. झाकण फेकायचं नाही, खिशात ठेवायचं (ओढ्यात कचरा नको). जिथं निमुळता भाग संपून बाटली सरळ होते तिथं गोल कापायची. वरचा तुकडा उलटा करून, तोंड आत येईल असा, खालच्या तुकड्यात बसवायचा. कडेला समोरासमोर चार जागी भोकं पाडून सुतळीनं बांधायचा, नाहीतर पाण्याच्या ओढीनं सुटतो. अंगाला तापवलेल्या खिळ्यानं ३-४ मिलिमीटरची पंचवीस-तीस भोकं पाडायची. भोकांचं काम दोन प्रकारचं. आतली हवा निघून जाते आणि आमिषाचा वास बाहेर वाहतो. भोकं कमी पडली तर बाटली फुग्यासारखी तरंगते, ही सर्वांत नेहमीची चूक. तळाला ओंजळभर खडे टाकायचे. आमिष म्हणून कणकेची घट्ट गोळी किंवा सुकटाची फडक्यात बांधलेली पुरचुंडी चालते. भाकरीचा सुटा तुकडा ठेवला तर तो विरघळून तासाभरात वाहून जातो.

बाटली ठेवायची ती घोटा ते गुडघा एवढ्या संथ पाण्यात, काठाच्या मुळ्यांजवळ, तोंड प्रवाहाच्या खालच्या दिशेला. वास खाली वाहत जातो आणि मासा वासाच्या मागानं प्रवाहाविरुद्ध वर येतो, म्हणून दार त्याच्या समोर हवं. उलटं ठेवलं तर तोंडात पालापाचोळा अडकतो आणि सापळा बंद. दिवस मावळताना ठेवायची, उजाडताना काढायची, सुतळीनं काठाच्या झाडाला बांधून. मिळतं काय? बोटाएवढे मासे आणि झिंगे. दहा मासे मिळाले तरी पन्नास ग्रॅम, म्हणजे जेमतेम पन्नास-साठ कॅलरी. पोट भरत नाही. पण गरम पाण्यात उकळून प्यायलं तर ऊब आणि धीर मिळतो, आणि त्यासाठी अंगातली ताकद जवळजवळ खर्च होत नाही. पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या सापळ्यात मोठा फरक हाच.

खेकड्याला तर वेगळा सापळाही लागत नाही. पावसाळ्यात रात्री ते ओढ्याच्या काठानं आणि भाताच्या बांधावर बाहेर पडतात. स्वयंपाकाचं उभं, गुळगुळीत पातेलं काठाजवळच्या मातीत काठोकाठ पुरायचं, कड जमिनीच्या बरोबर. कड दोन बोटं वर राहिली तर खेकडा वळसा घालून जातो. आत सुकट टाकायचं. उतरलेल्या खेकड्याला गुळगुळीत भिंत चढता येत नाही. पातेलं किमान वीतभर खोल हवं. पाऊस मोठा असेल तर ते भरून वाहतं आणि खेकडे निघून जातात, म्हणून वर पानांचा आडोसा करावा. बिळात मात्र हात घालायचा नाही, कितीही खात्री असली तरी. त्या बिळात खेकडाच असेल असं नाही.

खेकडा जिवंत असेपर्यंतच घ्यायचा. मेलेला लगेच खराब होतो. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुफ्फुसात शिरणाऱ्या चपट्या कृमींची पिल्लं असू शकतात. ती भाजताना वरवर जळलेल्या कवचाखाली जिवंत राहू शकतात. म्हणून कवच उघडून, कल्ले काढून, खळखळ उकळत्या पाण्यात किमान १५ मिनिटं शिजवायचा. कच्चा हाताळलेला हात न धुता तोंडाकडे न्यायचा नाही. ओढ्यात विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, आणि त्याच ओढ्याचं पाणी खालच्या वाडीत पितात. पहिल्या पावसात चढणीला लागलेले मासे पोटात गाभोळी घेऊन वर जात असतात. मिळतात सहज, पण ते सोडावेत. एका मादीबरोबर पुढच्या वर्षीचा ओढा रिकामा होतो.

राहिला तो फास, जो भुकेल्या वाटसरूनं लावलेला नसतो. शिराळा, पाटण, कराड भागात उसाच्या आणि रानाच्या कडेला रानडुकरांसाठी दुचाकीच्या क्लच वायरचे फास लावले जातात. डुकरं पीक उद्ध्वस्त करतात, शेतकऱ्याचा संताप खरा आहे, आणि त्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मागता येते. पण तार कुणाला ओळखत नाही. डुकराच्या छातीच्या उंचीला लावलेला फास बिबट्याच्या कमरेला बसतो, कारण तोही त्याच कुंपणाच्या फटीतून जातो. क्लच वायर बारीक पोलादी तारांची पिळलेली असते. ती तुटत नाही, ती मांसात शिरते. सुटका झालेलं जनावरही पुष्कळदा नंतर मरतं. तासन्‌तास धडपडून स्नायू फुटतात, त्यातलं विष रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. बाहेरून जखम लहान दिसते, मरण आत सुरू झालेलं असतं.

असा फास ओळखायचा तर कुंपणातल्या, झुडपातल्या अरुंद फटी बघा. गुडघ्याच्या उंचीला दीड-दोन वीत रुंद तारेचं वर्तुळ, दोन्ही बाजूंना मुद्दाम रचलेले काटे किंवा फांद्या, आणि तारेचं टोक बुंध्याला पक्कं बांधलेलं. लहान जनावरांसाठीचा फास मुठीएवढा, जमिनीपासून चार बोटं वर. एक दिसला की थांबून आजूबाजूला बघा, कारण ते ओळीनं असतात. आत जनावर असेल तर जवळ जाऊ नका, गर्दी जमू देऊ नका, मोबाइलचा फ्लॅश मारू नका. लोक बघून ते जेवढं धडपडेल तेवढी तार आत जाईल. शंभर पावलं मागं सरून १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करा आणि गाव, जमिनीचा गट नंबर, जवळची खूण सांगा. फास रिकामा असेल तर दुरून आणि जवळून फोटो घ्या, मोबाइलमधलं ठिकाण जतन करा, आणि वनरक्षक येईपर्यंत तो तिथंच राहू द्या. पंचनाम्याला तो लागतो. फक्त एक करा. हातात काठी घेऊन वर्तुळ ओढून पूर्ण आवळून टाका, म्हणजे मधल्या वेळात त्यात काही अडकणार नाही. रेंजच नसेल आणि लवकर कुणी पोचण्यासारखं नसेल तर तार सोडवून, गुंडाळून बरोबर घ्या आणि खाली उतरल्यावर पहिल्या वनचौकीत द्या.

आणि तुम्ही स्वतःच अडकला असाल तर ११२ लावून बघा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा फोन लागू शकतो. लागला नाही तर मोबाइल बंद करून बॅटरी वाचवा आणि दर तासाला एकदाच, उंचावर जाऊन, चालू करा. जिथं वाट चुकल्याचं कळलं तिथून फार लांब जाऊ नका. शिट्टीचे तीन फुंकर, मिनिटभर थांबा, पुन्हा तीन. दिवसा मोकळ्या सड्यावर भडक कपडा पसरा, रात्री पाठीशी कातळ घेऊन कोरड्या पाल्यावर बसा. शेंगदाणे-गुळाची पुडी पहिल्याच संध्याकाळी संपवू नका. मूठभर सकाळी, मूठभर रात्री झोपताना, म्हणजे पहाटेच्या गारठ्यात अंगात ऊब राहते.